टास्क मॅनेजर उघडतच नाही तेव्हा

संगणक अडकला की बरेचजण थेट पॉवरचं बटण दाबून धरतात. त्यात उघड्या असलेल्या सगळ्याच फायली धोक्यात येतात. विंडोजमध्ये एनटी ४.० पासून, म्हणजे १९९६ पासून, टास्क मॅनेजर आहे. कोणता प्रोग्रॅम चालू आहे, तो किती मेमरी खातोय हे तो दाखवतो आणि अडलेला तेवढा प्रोग्रॅम बंद करू देतो.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबावीत. यादी आली की ‘मेमरी’ या मथळ्यावर क्लिक करावं. सर्वात खादाड प्रोग्रॅम वर येतो.

नावापुढे ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसलं तरी मिनिटभर थांबावं. मोठी एक्सेल फाइल उघडताना असं होतं आणि पुष्कळदा ती आपली आपण सावरते. ‘एंड टास्क’ दाबलं की सेव्ह न केलेलं काम जातं. फक्त टास्कबार गोठला असेल, तर ‘विंडोज एक्स्प्लोरर’वर राइट क्लिक करून ‘रीस्टार्ट’ निवडावं. वर्डमधलं पत्र जागच्या जागी राहतं.

नाव अनोळखी म्हणून काहीही बंद करू नये. ‘सर्व्हिस होस्ट’ यादीत अनेकदा दिसतं, ते विंडोजचंच असतं.

आता अडचणीची गोष्ट. टास्क मॅनेजर उघडायला जावं आणि ‘प्रशासकाने हे बंद केलं आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश यावा. ऑफिसचा संगणक असेल तर तो निर्णय ऑफिसचा. आयटी विभागाला विचारावं. घरच्या संगणकावर आपण काही बदललं नसताना असं झालं, तर व्हायरसचा संशय घ्यावा. आपल्याला कुणी बंद पाडू नये म्हणून तो हा दरवाजा लावून घेतो.

म्हणून आधी तपासणी, मग दुरुस्ती. बहुतेकांचं इथेच चुकतं. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, तिथे ‘स्कॅन ऑप्शन्स’, त्यात ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडावं. उघडी कामं आधी सेव्ह करावीत, कारण संगणक बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच ही तपासणी होते.

मग स्टार्टमध्ये ‘रजिस्ट्री एडिटर’ शोधून उघडावं. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची वही. काही बदलण्याआधी फाइल मेनूतल्या ‘एक्सपोर्ट’ने तिची प्रत ठेवावी. ‘करंट यूजर’च्या फोल्डरमधून सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, सिस्टम असं एकेक पायरी उतरत जावं. उजवीकडे ‘डिसेबलटास्कएमजीआर’ अशी नोंद दिसेल. तिच्यावर डबल क्लिक करून १ च्या जागी ० लिहावा. शेजारच्या नोंदींना हात लावू नये.

संगणक पुन्हा सुरू केल्यावर तिथे परत १ दिसला, तर व्हायरस अजून आत आहे असं धरून चालावं. अशा वेळी आपली कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर काढून विंडोज नव्याने टाकून घ्यावं.