पासष्ट अंशांवर थांबणारे पातेले

वसई तालुक्यात कळंब आणि अर्नाळ्याच्या मध्ये राजोडी हे समुद्रकाठचे गाव आहे. या किनारपट्टीवर रात्री झाडाला लावलेले मडके पहाटे उतरवले की त्यात गोड नीरा मिळते. तेच मडके दुपारपर्यंत उन्हात राहिले तर नीरेची ताडी होते. त्यासाठी कोणी काही करावे लागत नाही. नीरेत साखर तयारच असते आणि मडक्याला, झाडाला, हवेला चिकटलेले किण्व, म्हणजे यीस्ट, आपणहून कामाला लागतात. म्हणून तर नीरा नीराच राहावी यासाठी मडक्याला आतून चुना लावतात.

धान्यापासून बिअर करणाऱ्याला हे सुख नाही. बार्लीच्या दाण्यात साखर जवळजवळ नसतेच, असतो तो स्टार्च, आणि स्टार्च यीस्टला खाता येत नाही. दाणा मोडवला की त्यात अमायलेज नावाची विकरे, म्हणजे एन्झाइमे, तयार होतात. मोडवून वाळवलेले धान्य म्हणजे माल्ट. ते भरडून गरम पाण्यात ठेवले की ही विकरे स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात. मात्र पाणी 62 ते 68 अंश सेल्सियसच्या दरम्यान हवे. थंड पाण्यात काम रेंगाळते. 70 च्या वर बीटा-अमायलेज झपाट्याने नासते, आणि 80 च्या वर अल्फा-अमायलेजही फार वेळ टिकत नाही. एकदा नासलेले विकर पाणी पुन्हा थंड केले तरी परत येत नाही. सगळा खेळ पाच-सहा अंशांचा आहे आणि तो तासभर सांभाळायचा असतो.

ब्रिटनमध्ये 1963 साली आणि अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरी बिअर बनवायला मोकळीक मिळाली, आणि तिथल्या हौशी मंडळींनी या तासाभरासाठी विजेची नियंत्रण-पेटी, म्हणजे कंट्रोल पॅनेल, स्वतः बांधायला सुरुवात केली. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरते का असेना. पण साखर तयार होण्याच्या पायरीपर्यंत मद्याचा संबंधच येत नाही. तेवढी पायरी शाळेच्या प्रयोगशाळेत नाचणीवर करता येते, आणि पेटी तीच लागते.

जाता जाता एक आठवण. उष्णता आणि कार्य यांचे नाते मोजणारा जेम्स जूल हा सॅलफर्डच्या मद्यनिर्मात्याचा मुलगा. अंशाच्या अगदी लहान भागापर्यंत तापमान वाचण्याचा त्याचा आग्रह समकालीनांना विचित्र वाटे. ज्या घरात तापमापकाशिवाय धंदा चालत नव्हता, तिथे वाढलेल्या माणसाला तो वाटला नसावा.

आता पेटीकडे वळू. तिची कामे तीन आहेत : तापमान कळणे, ते ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहणे, आणि हीटर चालू-बंद करणे.

तापमान कळण्यासाठी एलएम 35 ही आय.सी. सोयीची आहे. दर अंशाला ती 10 मिलिव्होल्ट देते. म्हणजे 65 अंशांना 650 मिलिव्होल्ट. साधा मल्टिमीटर लावला तरी तापमान वाचता येते, गणित करावे लागत नाही. ती पाण्यात थेट बुडवू नये. एका टोकाला बंद असलेल्या बारीक स्टीलच्या नळीत, तारांवर वेष्टण चढवून, घट्ट बसवावी. नेमकेपणा तपासायला उकळते पाणी चालते. राजोडी समुद्रसपाटीवर असल्याने तिथे पाणी 100 अंशांना उकळते. महाबळेश्वरच्या शिक्षकांनी मात्र साधारण साडेपंच्याण्णव धरावे, नाहीतर चांगली आय.सी. बिघडलेली ठरेल.

ताडून पाहण्यासाठी एलएम 358 हा ऑपअँप वापरावा. कपाटात जुना 741 पडलेला असतो आणि तोच वापरण्याचा मोह होतो. पण एकाच 12 व्होल्ट पुरवठ्यावर 741 ला शून्याच्या इतक्या जवळचे 0.65 व्होल्ट नीट ओळखता येत नाहीत. 7805 कडून मिळालेले 5 व्होल्ट 3.9 किलोओहमचा रोध आणि 1 किलोओहमचे पोटेन्शिओमीटर यांच्या साखळीला द्यावेत. मधल्या टोकावर 0 ते साधारण 1 व्होल्ट मिळतो, म्हणजे 0 ते 100 अंश. हे टोक 1 किलोओहमच्या रोधातून ऑपअँपच्या धन टोकाला आणि एलएम 35 ऋण टोकाला जोडावी. पाणी ठरवलेल्यापेक्षा थंड असेल तर ऑपअँपचे निर्गम वर जाते. 4.7 किलोओहममधून ते बीसी 547 ट्रान्झिस्टरला चालू करते, ट्रान्झिस्टर 12 व्होल्टचा रिले ओढतो आणि रिले हीटर लावतो. रिलेच्या गुंडाळीवर उलटा डायोड विसरू नये. गुंडाळीतला प्रवाह तुटताना उसळणारे विभवांतर ट्रान्झिस्टरचा बळी घेते.

माझी पहिली पेटी एवढीच होती आणि ती अर्ध्या तासात गप्प करावी लागली. पाणी बरोबर 65 ला आले की रिले टकटक वाजू लागे, सेकंदाला कितीतरी वेळा. थोडेसे वर गेले की बंद, तसूभर खाली आले की चालू. संपर्क-पट्ट्या काळ्या पडल्या. चूक तारांत नव्हती, विचारात होती : चालू होण्याचे आणि बंद होण्याचे तापमान एकच असून चालत नाही. उपाय एका रोधाचा निघाला. निर्गमापासून धन टोकाकडे 1 मेगओहमचा रोध जोडला की निर्गम वर असताना संदर्भ सुमारे 16 मिलिव्होल्टने उचलला जातो आणि निर्गम खाली येताच तो घसरतो. दोन टप्प्यांत दीड अंशाचे अंतर पडते. हेच हिस्टेरिसिस. घरचा फ्रिज आणि इस्त्री यांच्या थर्मोस्टॅटमध्ये तेच असते.

दुसरी अडचण हीटरच्या स्वभावाची. वीज तोडली तरी तापलेला दांडा उष्णता देतच राहतो, आणि नळीतल्या आय.सी.ला बातमी उशिरा पोहोचते. म्हणून पाणी 65 ओलांडून तीन-चार अंश वर जाऊ शकते, आणि आपल्याला परवडणारे अंतर तेवढेच आहे. पाणी ढवळत राहणे हा पहिला उपाय. आता बाजारात मिळणारे पीआयडी नियंत्रक लक्ष्य जवळ येऊ लागताच हीटरला थोडा थोडा वेळच चालवतात. तेही वापरावेत, पण आधी एकदा हाताने बांधलेली पेटी विद्यार्थ्यांनी ऐकावी, पाहावी.

वर्गात करण्याजोगे एक गणित. 5 लिटर पाणी 28 वरून 65 अंशांवर नेण्यास सुमारे 7 लाख 74 हजार जूल लागतात. 1000 वॉटच्या हीटरला, गळती सोडून, 13 मिनिटे. पण शक्ती विभवांतराच्या वर्गावर अवलंबून असते. 230 ऐवजी 180 व्होल्टच येत असतील, तर तोच हीटर 612 वॉटचा होतो आणि वेळ 21 मिनिटांवर जातो.

आता ज्या गोष्टीत चूक क्षम्य नाही तिच्याबद्दल. या कामात पाणी, धातूचे भांडे आणि 230 व्होल्ट एकत्र येतात. 1000 वॉटला 4.3 अँपियर प्रवाह लागतो, म्हणून 6 अँपियरची एमसीबी लावली की पुष्कळांना निश्चिंत वाटते. एमसीबी तारांना वाचवते, माणसाला नाही. शरीरातून 100 मिलिअँपियर गेले तरी जीव जाऊ शकतो आणि 6 अँपियरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांतला फरक ओळखून तुटणारी 30 मिलिअँपियरची आरसीसीबी हवीच. भांड्याच्या अंगाला अर्थिंगची तार स्क्रूने पक्की जोडलेली हवी. रिलेऐवजी सॉलिड स्टेट रिले घेतल्यास ध्यानात ठेवावे की तो बिघडला की बहुधा ‘चालू’ स्थितीतच अडकतो, तेव्हा हाताने तोडायचा मुख्य स्विच वेगळा ठेवावा. 230 व्होल्टची बाजू शिक्षकांनीच जोडावी. समुद्रकाठच्या शाळांत खारी हवा संपर्क-पट्ट्या लवकर गंजवते, म्हणून पेटी झाकणबंद असावी आणि तारा खालच्या बाजूने आत घ्याव्यात, म्हणजे ओघळणारे पाणी आत जात नाही.

पेटी तयार झाली की हे करून पाहा. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे पीठ थंड पाण्यात तासभर भिजवून फडक्यातून गाळा आणि वरची निवळी घ्या. त्यातली थोडी वेगळी काढून उकळून ठेवा. तांदळाची पातळ पेज चार परीक्षानळ्यांत घ्या. तीन नळ्यांत कच्ची निवळी घाला, चौथीत उकळलेली. पहिली नळी खोलीच्या तापमानाला राहू द्या. दुसरी आणि चौथी 65 अंशांच्या पाण्यात ठेवा. तिसरीची पेज निवळी घालण्यापूर्वीच 85 पर्यंत तापवा आणि नळी वेगळ्या भांड्यात त्याच तापमानाला ठेवा. दर दहा मिनिटांनी प्रत्येकीतला थेंब बशीत घ्या, पूर्ण गार होऊ द्या आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाका. गरम थेंबात निळा रंग उमटत नाही आणि फसगत होते. 65 ची कच्च्या निवळीची नळी निळ्यावरून जांभळी, तांबूस होत शेवटी आयोडीनच्याच पिवळट रंगावर येईल. उकळलेल्या निवळीची नळी, त्याच पाण्यात शेजारी उभी राहूनही, निळीच राहील.