झॅक व्हीलर कुठेच गेला नाही

न्यूयॉर्कमध्ये सात नंबरच्या लोकलने मेट्स–विलेट्स पॉइंटला उतरलं की समोरच सिटी फील्ड दिसतं, मेट्स या बेसबॉल संघाचं मैदान. न उतरता आणखी एक स्टेशन पुढे गेलं की फ्लशिंग येतं, आणि तिथे बाउन स्ट्रीटवर गणपतीचं देऊळ. मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आपल्याकडच्या आजी-आजोबांना देऊळ माहीत असतं, तिथल्या कँटीनमधला डोसाही माहीत असतो. मैदान गाडीच्या खिडकीतून दिसलं तेवढंच.

२९ जुलै २०१५च्या रात्री या मैदानावर एक तेवीस वर्षांचा खेळाडू चालू सामन्यात डोळे पुसत उभा होता. विल्मर फ्लोरेस त्याचं नाव. व्हेनेझुएलातल्या व्हॅलेन्सियाचा हा मुलगा सोळाव्या वाढदिवशी मेट्सच्या करारावर सही करून बसला होता आणि त्यानंतर दुसरं घर त्याला ठाऊकच नव्हतं. इंग्रजी तो ‘फ्रेंड्स’ ही मालिका बघून शिकला. त्या रात्री प्रेक्षकांच्या हातातल्या मोबाइलवर बातमी आली, की मेट्सने त्याला मिलवॉकी ब्रूअर्स संघाला देऊन टाकलंय. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, ओरडून त्याला निरोपही दिला. ज्याला निरोप मिळत होता त्याला मात्र संघाकडून कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. मॅनेजर टेरी कॉलिन्स यांनाही काही पत्ता नव्हता. बॅट खाली ठेवून तो पुन्हा क्षेत्ररक्षणाला गेला आणि त्याचे डोळे भरून आले. टीव्हीचे कॅमेरे अशा वेळी कधी चुकत नाहीत.

सामना संपल्यावर मेट्सचे जनरल मॅनेजर सँडी अल्डरसन पत्रकारांसमोर आले आणि म्हणाले, असा कुठलाही सौदा झालेला नाही आणि होणारही नाही.

फ्लोरेसच्या अश्रूंची ही गोष्ट अमेरिकेत शंभरदा सांगून झाली आहे. पण त्या सौद्यात मेट्सकडून दोन खेळाडू जाणार होते आणि खरी किंमत दुसऱ्याची होती. तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता, झॅक व्हीलर. त्या रात्री तो मैदानावर नव्हताच. कोपराची शस्त्रक्रिया झालेला, फ्लोरिडात पोर्ट सेंट लुसीला हळूहळू हात हलवायला शिकत होता. आपल्या आठवणीत रडणारा राहतो, बँडेजवाला राहत नाही.

आता हा ‘ट्रेड’ काय प्रकार आहे ते बघू. मेजर लीग बेसबॉलमध्ये करारबद्ध खेळाडूला संघ परस्पर दुसऱ्या संघाला देऊ शकतो, बदल्यात दुसरे खेळाडू घेतो. खेळाडूला विचारायची गरज नाही. आपल्या आयपीएलमध्येही ट्रेड होतात. हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला असाच आला. पण तिथे खेळाडूची संमती लागते. बेसबॉलमध्ये सकाळी एका गावात आणि संध्याकाळी दीड हजार मैलांवरच्या गावात, बायकोमुलांनी सामान मागाहून आणायचं. याविरुद्ध कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ साली दंड थोपटले. आपण विकाऊ माल नाही, असं त्याने लीगच्या आयुक्तांना लिहून कळवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९७२ मध्ये तो हरला आणि तोवर त्याची कारकीर्दही संपली होती. पुढल्याच वर्षी नियम आला, की लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला नकार देता येईल. काहींच्या करारात तसं वेगळं कलमही असतं. फ्लोरेस आणि व्हीलर या दोन्हींत बसत नव्हते.

या अदलाबदलीला मुदत असते. पूर्वी ती १५ जूनची होती, १९८६पासून ३१ जुलैच्या आसपासची. मुदतीचं कारण साधं आहे. श्रीमंत संघांनी हंगामाच्या शेवटाकडे गरिबांकडचे मोहरे उचलून जेतेपद विकत घेऊ नये. १९२२च्या जुलैत न्यूयॉर्क यँकीजने बोस्टनकडून असाच एक खेळाडू उचलला, त्यावर गदारोळ झाला आणि मग ही रेघ ओढली गेली. रेघ ओढल्यामुळे एक नवीनच सण सुरू झाला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळे व्यवस्थापक फोनला चिकटलेले, आणि पत्रकार त्यांच्या फोनला.

सौदा ठरतो कसा, हे आपल्याला चटकन कळेल, कारण आपण सोयरिकी केलेल्या आहेत. आधी बोलाचाली, मग देण्याघेण्याची यादी, मग दोन्हीकडचे ‘हो’. त्यानंतर पत्रिका बघायची. इथे पत्रिका म्हणजे वैद्यकीय कागदपत्रं. दोन्ही संघांचे डॉक्टर एकमेकांच्या खेळाडूंचे एमआरआय, जुन्या दुखापती, शस्त्रक्रियांचे अहवाल तपासतात, आणि ते पटले तरच सुपारी फुटते. २९ जुलैला घडलं ते एवढंच, की पत्रिका बघायच्या आधीच गावभर पेढे वाटले गेले.

मेट्सला हवा होता कार्लोस गोमेझ. चपळ सेंटर फील्डर, दोनदा ऑल-स्टार. गंमत म्हणजे तो मूळचा मेट्सचाच; २००८ साली योहान सँटाना या पिचरच्या बदल्यात त्यांनीच त्याला देऊन टाकला होता. २०१५ मध्ये मेट्सचं दुखणं फलंदाजीचं होतं. पिचर इतके होते की वाटून द्यावेत. मॅट हार्वी, जेकब डिग्रॉम, नोआ सिंडरगार्ड, सगळे तरुण, सगळे तोफगोळे. पण बॅट हातात घेतलेला माणूस बेसपर्यंत पोचेल तर शपथ. पैशांची ओढाताण वेगळीच. मालक विल्पन कुटुंब बर्नी मेडॉफच्या महाघोटाळ्यात अडकलं होतं आणि २०१२ मध्ये १६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड करून बाहेर पडलं होतं. मोठे आकडे लिहायला त्यांचा हात आखडत असे. मग ज्याच्यावाचून अडत नाही असा, सध्या खेळतच नसलेला व्हीलर द्यावा, हा हिशेब कुठल्याही गृहिणीलाही पटेल.

व्हीलरच्या हातात काय होतं ते सांगायला हवं. २००९च्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर उचलला. २०११च्या जुलैत जायंट्सला जेतेपदासाठी एक अनुभवी फलंदाज हवा होता, म्हणून त्यांनी मेट्सकडून कार्लोस बेल्ट्रान घेतला आणि बदल्यात व्हीलर दिला. बेल्ट्रान जेमतेम दोन महिने खेळला, जायंट्स प्लेऑफमध्येही पोचले नाहीत. तेव्हा मेट्सचे लोक हसले असतील. २०१४ मध्ये व्हीलरने १८७ बळी असे घेतले की फलंदाजाला चेंडू धड खेळताच आला नाही, ज्याला तिथे स्ट्राइकआउट म्हणतात. मग २०१५च्या मार्चमध्ये कोपरातला अस्थिबंध फाटला.

पिचरच्या कोपराचं हे दुखणं नवं नाही. ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या एका पट्टीवर सगळा ताण येतो, आणि ती पट्टी काही यासाठी घडवलेली नसते. १९७४पर्यंत ती फाटली की पिचरचं दुकान बंद. त्या वर्षी लॉस एंजेलिसचे डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या एका हातातला स्नायुरज्जू काढून दुसऱ्या हाताच्या कोपरात, हाडाला भोकं पाडून, ओवला. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले, आधी जिंकले होते त्यापेक्षा जास्त. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. पण भरून यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि पूर्वीचा वेग परत येईलच असं कोणी लिहून देत नाही. व्हीलरला तर त्याहून जास्त वेळ लागला, अख्खं २०१६सुद्धा वाया गेलं. तेव्हा मेट्स जे विकत होते ते बंद डब्यातलं फळ होतं.

नवल असं, की सौदा मोडला तो या टाके घातलेल्या कोपरामुळे नव्हे. मोडला गोमेझच्या कमरेखालच्या सांध्यामुळे. मेट्सच्या डॉक्टरांना त्याच्या खुब्याचे अहवाल आवडले नाहीत, असं बाहेर आलं. गोमेझचा एजंट स्कॉट बोरास म्हणाला, खुबा ठणठणीत आहे. पैशांमुळे बिनसलं, अशीही कुजबुज झाली, मेट्सने ती नाकारली. आपल्याकडे मोडलेल्या लग्नाची मुलाकडची आणि मुलीकडची दोन कारणं असतात, तसंच.

व्हीलरने पुढे एक गोष्ट केली. तिची फार वाच्यता झाली नाही आणि मला ती फ्लोरेसच्या अश्रूंइतकीच मोलाची वाटते. त्याने अल्डरसनना स्वतः फोन केला आणि मला मेट्समध्येच राहायचंय, असं सांगितलं. ज्यांनी नुकतंच आपल्याला टोपलीत घालून बाजारात नेलं, त्यांनाच हे सांगायचं.

पुढचे दोन दिवस अमेरिकन पटकथाकारांनी लिहिल्यासारखे आहेत, म्हणून भराभर सांगतो. ३० जुलैला मेट्स पावसात ७–१ची आघाडी गमावून ७–८ असे हरले. ३१ जुलैला, मुदत संपायला काही मिनिटं असताना, त्यांनी डेट्रॉइटकडून योएनिस सेस्पेडेस हा दणकट फलंदाज मिळवला. गेला तो मायकेल फुल्मर, आणखी एक तरुण पिचर. त्याच रात्री पहिल्या क्रमांकावरच्या वॉशिंग्टनविरुद्ध सामना बाराव्या डावापर्यंत ताणला गेला आणि फ्लोरेसने होम रन मारून तो २–१ असा संपवला. धावत येताना छातीवरची ‘मेट्स’ ही अक्षरं त्याने मुठीत धरली होती. वॉशिंग्टनला सलग तीनदा हरवून मेट्सने त्यांना गाठलं, पुढे मागे टाकलं आणि थेट वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम लढत, गाठली. तिथे कॅन्सस सिटीने त्यांना पाच सामन्यांत गुंडाळलं. शेवटचा बाद झालेला फलंदाज फ्लोरेस. पटकथाकार हे बहुधा गाळतात.

इकडे ब्रूअर्सने काय केलं? सौदा फिसकटल्याच्या दुसऱ्याच दिवशी गोमेझ ह्यूस्टनला दिला आणि त्याच्यासोबत माइक फायर्स नावाचा पिचरही. बदल्यात चार पोरं आली, त्यात एकवीस वर्षांचा डावखुरा जॉश हेडर होता. हेडर पुढे तीनदा नॅशनल लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा, सर्वोत्तम रिलीफ पिचर ठरला. गोमेझ मात्र ह्यूस्टनमध्ये चाचपडत राहिला आणि वर्षभराने संघाने त्याला मोकळं केलं. फायर्सने त्याच ऑगस्टमध्ये एक अख्खा सामना प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता काढला. पण फायर्सचं नाव लोकांना आठवतं ते दुसऱ्याच कारणासाठी. ह्यूस्टनचा संघ २०१७ मध्ये कॅमेरा लावून प्रतिस्पर्ध्यांचे इशारे चोरत होता, हे २०१९च्या नोव्हेंबरमध्ये नावानिशी जगाला सांगणारा तोच. त्या चौकशीत नाव आलेला एक खेळाडू होता कार्लोस बेल्ट्रान, ज्याच्या बदल्यात व्हीलर मेट्सकडे आला होता. बेल्ट्रान नुकताच मेट्सचा मॅनेजर नेमला गेला होता. जानेवारी २०२० मध्ये, एकही सामना न हाताळता, त्याला ते पद सोडावं लागलं. मेट्स आणि ब्रूअर्सची बोलणी फिसकटली नसती तर फायर्स ह्यूस्टनला गेला असता का, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

आणि त्याच हिवाळ्यात व्हीलर गेला. सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर खेळाडू मोकळा होतो, कोणत्याही संघाशी बोलू शकतो. व्हीलर २०१७ मध्ये परतला होता आणि २०१८च्या उत्तरार्धापासून चेंडू पुन्हा बोलायला लागला होता. मेट्सने त्याला राखायला हात सैल सोडला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये शेजारच्याच फिलाडेल्फिया फिलीजने पाच वर्षांसाठी ११ कोटी ८० लाख डॉलर मोजून त्याला नेलं. मेट्सचे नवे जनरल मॅनेजर ब्रॉडी व्हॅन वॅगेनन यांनी वर टोमणाही मारला, की पाच वर्षांतल्या दोन बऱ्या अर्ध्या हंगामांवर याने एवढे पैसे मिळवले.

मेट्सचे चाहते २०१५चा मोडलेला सौदा आपलं सुदैव मानतात. ते मला अर्धंच पटतं. सुदैव खुब्याचं होतं, त्यांच्या पारखीचं नव्हतं. त्यांनी व्हीलर तेव्हाही द्यायला काढला होता, आणि चार वर्षांनी डॉक्टरांनी अडवलं नाही तेव्हा जाऊ दिलाच. भरपाई म्हणून निवड प्रक्रियेत ६९वा क्रमांक हाती आला.

व्हीलर २०२१ आणि २०२४ मध्ये नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरच्या मतदानात दुसरा आला. मार्च २०२४ मध्ये फिलीजने त्याला आणखी तीन वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलर दिले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला फिलीजच्या प्लेऑफमधल्या पहिल्या सामन्यात समोर मेट्स उभे होते. व्हीलरने सात डाव फेकले, नऊ जणांना स्ट्राइकआउट केलं, एकच हिट दिली, धाव एकही नाही. मग मॅनेजरने त्याला विश्रांती दिली. आठव्या डावात दुसरे पिचर आले, मेट्सने पाच धावा कुटल्या आणि सामना ६–२ असा जिंकला.