चर्चच्या जागी कॉलेज: शेजाऱ्यांचा होकार का मोलाचा?
अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत कुठल्या जमिनीवर काय चालेल हे झोनिंगचा नकाशा ठरवतो. १९२६ साली युक्लिड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर शिक्कामोर्तब केलं. राहत्या वस्तीत चर्चला सहसा मुभा असते, कॉलेजला मात्र अनेकदा नसते. त्यामुळे जुनं चर्च कॉलेजने विकत घेतलं तरी वर्ग भरवण्याआधी अनेकदा झोन बदलून घ्यावा लागतो. आधी जाहीर सुनावणी, मग नगर परिषदेत मतदान.

शेजाऱ्यांचं वजन इथे कळतं. काही राज्यांत लगतच्या २० टक्के जमिनीच्या मालकांनी लेखी हरकत घेतली, की साधं बहुमत पुरत नाही. तीन चतुर्थांश मतं लागतात.

तरी ते पाठिंबा का देतात? बंद पडलेली, गळकी वास्तू कोणाला हवी असते! शिवाय राष्ट्रीय वारसा यादीत वास्तूचं नुसतं नाव असलं म्हणून खासगी मालकाला पाडकामापासून कोणी रोखत नाही. रोखतो तो शहराचा स्वतःचा वारसा-नियम, असला तर. म्हणून शहाणी वस्ती होकार फुकट देत नाही. दर्शनी भाग जपणं, पार्किंग, कार्यक्रमांच्या वेळा, सगळं लेखी मागते. तोंडी आश्वासन मालक बदलला की संपतं. मंजुरीत नोंदलेली अट सहसा नव्या मालकालाही पाळावी लागते.