विश्लेषण : कोडमधली कंसाची जोडी एका कळीवर कशी सापडते?

हजारो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये एक कंस बंद करायचा राहिला, तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. तो चुकीच्या जागी बंद झाला, तर प्रोग्रॅम चालतो, पण भलतेच काम करू शकतो.

'विम'मध्ये सोय काय?

ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये आणलेल्या 'विम' या मोफत एडिटरमध्ये टक्क्याचे चिन्ह कामाला येते. 'एस्केप' दाबून कर्सर कंसावर न्यायचा आणि हे चिन्ह दाबायचे. कर्सर थेट जोडीच्या कंसावर पोहोचतो. पुन्हा दाबले की परत येतो.

सेटिंग का बदलायचे?

मुळात गोल, चौकटी आणि महिरपी हे तीनच कंस ओळखले जातात. सी++मधले टोकदार कंस 'मॅचपेअर्स' या सेटिंगमध्ये जोडता येतात. एचटीएमएलचे टॅग किंवा 'इफ' आणि 'एंडइफ' अशा शब्दांच्या जोड्यांसाठी 'विम'सोबतच मिळणारे 'मॅचइट' हे प्लगइन सुरू करावे लागते. दोन्हींसाठी 'विमआरसी' या सेटिंगच्या फाइलमध्ये एकेक ओळ पुरते.

मर्यादा कोणती?

फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या आयफोनमधील 'गोटू फेल' ही चूक उघड झाली. एक ओळ दोनदा लिहिली गेली होती आणि 'इफ'नंतर महिरपी कंस नव्हते. त्यामुळे दुसरी ओळ अटीबाहेर पडून दर वेळी चालली आणि सुरक्षित जोडणीची तपासणी अर्धवट राहिली. कंसच नसेल तर कोणतीही कळ जोडी दाखवू शकत नाही. म्हणून अटीखाली एकच ओळ असली तरी कंस घालावा, असा सल्ला अनेक अनुभवी प्रोग्रॅमर देतात.