बतावणी : एका शब्दाचे दोन संसार

सातारा-सांगलीकडच्या वर्तमानपत्रांत ‘बतावणी’ हा शब्द आज बहुधा गुन्ह्याच्या बातमीत भेटतो. पोलीस असल्याची बतावणी करून कुणी वृद्धेचे दागिने लांबवतो. माझ्या वडिलांना मात्र हा शब्द ऐकला की जत्रेतली रात्र आठवे. तमाशात गण, गौळण झाली की वगाच्या आधी हजरजबाबी विनोदाचा जो भाग येतो, तो बतावणी.

‘बतावणे’ म्हणजे सांगणे, दाखवणे. त्यावरून नसलेले असल्यासारखे दाखवणे, म्हणजेच सोंग, हा अर्थ बतावणीत मुरला. ठगाची आणि सोंगाड्याची बतावणी एकाच मुळाची. फरक एवढाच, की ठगाचे सोंग उघडे पडले की संपते. सोंगाड्याचे सोंग सर्वांना ठाऊक असते, म्हणूनच रंगते.

तिची घडण साधी. एक जण सरळ प्रश्न विचारतो, सोंगाड्या त्यातल्या शब्दाचा भलताच अर्थ धरतो. सांगाडा तोंडी चालत आलेला; भरणा मात्र त्या रात्रीचा. गावच्या पाटलाचा रुबाब, यंदाचा पाऊस, उसाचे रखडलेले बिल, पुढे बसलेल्याचा फेटा, सारे त्यात येते. म्हणून एका गावची बतावणी दुसऱ्या गावात जशीच्या तशी होत नाही.

हा मुलूख तमाशाचा. वाळवे तालुक्याने रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) दिले आणि तमाशाला लोकनाट्याचे रूप देणारे वाटेगावचे अण्णा भाऊ साठेही. १९४९पर्यंत हा तालुका सातारा जिल्ह्यातच होता. मिरज तालुक्यातल्या कवलापूरचे जुळे बंधू काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे, ‘जहरी प्याला’ या वगात हवालदार होत. पोलीस असल्याची बतावणी तीही. पण तिने कुणाला लुटले नाही, उलट गणवेशाचा धाक तेवढ्यापुरता हसण्यावारी नेला.

वग लिहिता येतो, छापता येतो. बतावणीची संहिताच नसते, म्हणून ती ग्रंथालयातही सापडत नाही. वडिलांना वगांची कथानके शेवटपर्यंत तोंडपाठ होती. बतावणी सांगायला बसले की मात्र दोन वाक्यांत स्वतःच हसू लागत आणि म्हणत, ‘तू तिथं असायला पाहिजे होतास.’ मी तेव्हा वही काढली नाही. ज्यांच्या घरी असे ऐकणारे कुणी अजून आहेत, त्यांनी ती काढावी.