घरचा संगणक, सव्वाशे किलोमीटरवरून

साताऱ्याच्या मुलामुलींनी शिकायला सांगली गाठायची, यात नवे काही नाही. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 पासून आहे. सांगलीचा आजचा जिल्हाही 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून तयार झाला. ‘सांगली’ हे नाव त्याला 1960 मध्ये मिळाले. बदल झाला तो घरात. पूर्वी मुलगी वसतिगृहावर गेली की घरची आठवण तेवढी मागे राहायची. आता घरचा संगणकही मागे राहतो, आणि तो नीट चालवता येणारी व्यक्ती नेमकी तीच असते!

आमच्या घरी तेच झाले. दुकानाचा हिशेब, सातबाऱ्याच्या प्रती, निकाहनामे, शाळेचे दाखले, पंचवीस वर्षांचे फोटो हे सगळे साताऱ्याच्या संगणकात. संगणक जुना. विंडोज 10 च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 पासून थांबल्या आणि विंडोज 11 त्यावर चालेना. भंगारात देण्याऐवजी त्यात लिनक्स मिंट टाकले. ते मोफत आहे, जुन्या यंत्रावरही हलके चालते, मराठी व उर्दू दोन्ही लिहिता येतात. लेकीच्या लॅपटॉपवर मात्र कॉलेजच्या कामासाठी विंडोज. मग सांगलीतून अब्बांचा हिशेब पाहायचा कसा? दर महिन्याला पेन ड्राइव्ह घेऊन एसटीने ये-जा करायची का?

तशी गरज नाही. घरच्या लिनक्सचा पडदा दूरच्या विंडोजवर उघडता येतो. विंडोजमध्ये ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ नावाचा प्रोग्रॅम आधीपासून असतो, होम आवृत्तीतही. त्याची भाषा कळणारे ‘एक्सआरडीपी’ हे मोफत सॉफ्टवेअर लिनक्सवर घालायचे. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव शोधले की ते मिळते. एकाच वायफायवर दोन्ही यंत्रे ठेवून आधी घरातच करून पाहावे. लेक सुट्टीवर आली असताना हे उरकले, तर पुढचा बराच त्रास वाचतो.

खरी अडचण घराबाहेर पडल्यावर येते. पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे सांगलीहून थेट आपले घर सापडत नाही. काही जण कंपनीकडून स्वतंत्र पत्ता घेऊन राउटरमध्ये 3389 क्रमांकाचे दार उघडायला सांगतात. आम्ही म्हणू, हे मुळीच करू नका. हा क्रमांक जगभर ठाऊक आहे. असे दार उघडे दिसले की पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न करणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस ते ठोठावत बसतात.

त्यापेक्षा ‘टेलस्केल’सारखी सेवा बरी. घरगुती वापराला ती मोफत आहे. दोन्ही यंत्रांवर ती घालून एकाच खात्याने आत शिरायचे, की दोघांमध्ये कुलूपबंद खासगी वाट तयार होते. प्रत्येक यंत्राला 100 ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो. घरच्या यंत्राचा तो पत्ता विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये लिहायचा, लिनक्सचे नाव व पासवर्ड द्यायचा, झाले! राउटरला हात लावावा लागत नाही. टेलस्केलच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी मात्र जरूर लावावी.

काही बारकावे आधीच सांगून ठेवतो.

घरातल्या प्रत्येकाचे लिनक्स खाते वेगळे असावे. अब्बा ज्या खात्याने समोर बसले आहेत, त्याच खात्याने लेक दुरून आली, तर बहुतेक वेळा काळा पडदा दिसतो. हिशेबाची फाइल दोघांना उघडता येईल अशा सामाईक फोल्डरमध्ये ठेवावी.

यंत्र आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करावी. झोपलेले यंत्र दुरून उठत नाही. वीज गेली तर? पुष्कळ संगणकांच्या बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर सुरू व्हा’ अशी सोय असते, ती चालू करावी. नाहीतर अम्मींना फोन करून बटण दाबायला सांगण्यातच निम्मा दिवस जातो.

टेलस्केलची ओळख ठरावीक मुदतीने, नेहमी 180 दिवसांनी, संपते. घरच्या यंत्रापुरती ही मुदत खात्यातून बंद करता येते. हे राहून गेले, तर नेमक्या परीक्षेच्या किंवा ईदच्या दिवसांत वाट बंद झालेली आढळायची.

आणि सायबर कॅफेतल्या किंवा मैत्रिणीच्या यंत्रावरून घर उघडू नये. आपले घर आपल्याच लॅपटॉपवरून उघडावे, आणि काम झाले की लॉग आउट करावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्या सोयीने लेक घरात येते, तिनेच चोरही येतो. ‘बँकेतून बोलतोय, केवायसी संपली आहे’, ‘आज रात्री वीज तोडणार’ असे सांगून कोणी एखादे ॲप घ्यायला लावतो, मग त्यावर दिसणारा आकडा विचारतो. तो आकडा सांगणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देणे. एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच सावध केले होते. ॲपचा दोष नाही. प्रश्न आहे तो किल्ली कोणाला दिली याचा. बँक असे ॲप कधीही घ्यायला सांगत नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब 1930 वर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

म्हणून घरात एक नियम करून ठेवावा: संगणक दुरून उघडायचा झाला, तर आधी फोनवर आपल्या माणसाचा आवाज ऐकायचा. लेकीनेही न सांगता आत येऊ नये. त्या यंत्रात आईवडिलांची पत्रे आहेत, बहिणीचे फोटो आहेत. ती साऱ्या घराची अमानत आहे. पासवर्ड ठाऊक असला म्हणून सगळे उघडून पाहण्याचा हक्क मिळत नाही. घरात शिरताना सलाम करतो, तसे इथेही आधी विचारावे.

एवढे सांभाळले तर लेक सांगलीत अभ्यास करील आणि महिनाअखेरीला अब्बांच्या हिशेबाची बेरीजही जुळवून देईल. आणि कपाटामागे धूळ खात पडलेला जुना संगणक, इन्शाअल्लाह, अजून काही वर्षे घराच्या उपयोगी पडेल.