चेहऱ्यावर दिसणारी झोप

पहिल्या तासाला हजेरी घेताना आम्ही नावाआधी चेहरा वाचतो. पापण्या जड, डोळे लालसर, तोंड उतरलेले. ‘रात्री कधी झोपलास?’ असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात: ‘अब्बा आले तेव्हा’, नाहीतर ‘मोबाइलची चार्जिंग संपली तेव्हा’. जळगाव असो वा धुळे, वर्ग उर्दूचा असो वा मराठीचा, उत्तरात फरक नाही.

चेहऱ्यावरून झोप कळते, हा केवळ शिक्षकांचा अंदाज नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३ तरुण-तरुणींची छायाचित्रे दोनदा काढली होती, एकदा पुरेशा झोपेनंतर आणि एकदा ३१ तास जागे राहिल्यावर. ती ६५ परक्या माणसांना दाखवली. जागरणाची छायाचित्रे त्यांना अधिक थकलेली, कमी निरोगी आणि कमी आकर्षक वाटली. लग्नाच्या घरात आठवडाभर रात्री दोनपर्यंत जागायचे आणि मग पार्लरमध्ये हजारो रुपये मोजून डोळ्यांखालची काळी वर्तुळे झाकायची, हा आमच्या भगिनींचा हिशेब आम्हाला कधी कळलेला नाही.

रूप ही तर वरवरची गोष्ट झाली. मुलांच्या वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. रात्री झोपेत रक्तदाब उतरतो, हृदयाला उसंत मिळते. झोप अपुरी राहिली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते. जागणारे मूल भाकरी टाळून कुरकुरे मागते, त्यात हाही एक भाग आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास, किशोरवयीनांना ८ ते १० तास आणि मोठ्यांना निदान ७ तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात.

मुलांची झोप पुरी होत नाही, ही गोष्ट डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीरपणे मांडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाचा निर्णय आला: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. एकाच इमारतीत दोन पाळ्या चालवणाऱ्या शाळांची यात ओढाताण झाली आणि खानदेशात मार्च-एप्रिलचे ऊन पाहता सकाळच्या शाळेला पर्यायही नसतो. तरीही निर्णय चांगला होता, असे आमचे मत आहे. पण त्याचा फायदा किती घरांनी घेतला? शाळा नऊची झाली तसे अनेक घरांत झोपणेही तासभर पुढे सरकले.

आपल्या घरांत हिशेब थोडा वेगळा आहे. जूनमध्ये जळगावला इशाची जमात होईपर्यंत नऊ वाजतात आणि पहाटे साडेचारच्या आसपास फजरची वेळ सुरू होते. साडेनऊला अंथरुणावर पडले तर मोठ्यांचे सात तास कसेबसे भरतात. साडेअकराला पडले तर पाचच उरतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांना इशाआधी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे पसंत नव्हते, हे आपण सारे ऐकून आहोत. दुपारचा कैलुलाही आपल्याला ठाऊक आहे. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वीस मिनिटे आडवे होणे म्हणजे आळस नव्हे. लहानग्यांना फजरनंतर पुन्हा तासभर झोपू द्यावे, नऊच्या शाळेने ती सोय केलीच आहे. मकतब सकाळी असेल तर मात्र रात्रीच लवकर निजवावे लागेल.

पूर्वी उन्हाळ्यात धाब्यावर अंथरुणे पडत, इशानंतर दिवा नसे, म्हणून बोलणेही लवकर थांबे. आता प्रत्येकाच्या उशाशी स्वतंत्र उजेड आहे. आमच्या घरी नऊनंतर सगळे मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतात. पहिला आठवडा भांडणात गेला, आणि सर्वांत जास्त कुरकुर मुलांची नव्हे, आमचीच होती.

धुळ्यात यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांना हे सांगणे सोपे नाही. त्यांची रात्र सकाळी सुरू होते. तिथे घरच्यांनीच हातभार लावावा: खिडकीला जाड पडदा, रोज झोपण्याची एकच वेळ, पाळीच्या शेवटच्या तासांत चहा नाही, आणि कामावरून आलेल्या माणसाला दुपारी बारा वाजता गॅसचा सिलिंडर आणायला उठवायचे नाही.